कुठल्या बेटावरची?

दवाखान्याच्या दारात एक बाई प्लॅस्टिकचा मोठा टब पोटाशी धरून उभ्या होत्या. टबावर जुनी सुती साडी घट्ट बांधलेली होती आणि ती साडी आतून हलत होती. माझा दवाखाना हिंदमाताच्या मागच्या गल्लीत आहे. लग्नसराईत पुढच्या रस्त्यावर साड्यांच्या दुकानांसमोर इतकी गर्दी असते की टॅक्सीवाले आत यायला तयार नसतात. बाई घोडपदेवहून टॅक्सीनं आल्या होत्या, पण शेवटचा तुकडा त्यांनी टब घेऊन चालत काढला होता. साठी ओलांडलेल्या होत्या. धाप लागली होती.

"कुत्रं की मांजर?" मी विचारलं.

"सरडो आसा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून जरा सावरून, "सरडा आहे, डॉक्टरबाई. मोठा आहे जरा. आमचो चार दिस जेवक नाय."

टब टेबलावर ठेवून आम्ही साडी सोडली. मी गेली पंचवीस-तीस वर्षं या शहरात जनावरं तपासते आहे. कुत्री, मांजरं, पोपट, कासवं, आणि अलीकडे हौशी लोकांच्या घरच्या हिरव्या इग्वाना. त्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. लांब चाबकासारखी शेपटी, पाठीवर काटे, कानाखाली रुपयाएवढा एक गोल खवला. टबात होतं ते त्यातलं नव्हतं. अंग जाडजूड, रंग पिवळट मातकट, तोंड आखूड आणि बोथट, शेपटी तशी लहान. कानाखाली गोल खवला नव्हताच. पाय पसरून ते जनावर टबाच्या तळाशी पडलं होतं आणि एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होतं. दुसरा डोळा मिटलेला.

"कुठून आणला हा?"

"घरातच वाढलाय. आठ-नऊ वर्षं झाली."

"पण आणला कुठून?"

त्या सोडलेल्या साडीची घडी घालायला लागल्या. मी पोटाला हात लावला. पोट फुगलेलं होतं आणि आत कडक-मऊ गोळे लागत होते, एकाशेजारी एक.

"सारखा फरशी खरवडतो," बाई म्हणाल्या. "मोरीत, कपाटाखाली, गॅलरीत. नखातून रक्त येईपर्यंत. मी ओरडले, हाकललं, तरी तिथेच. काय शोधतोय कळत नाय."

मी एक्सरे काढला. पोट अंड्यांनी गच्च भरलेलं होतं.

"मावशी, हा सरडा नाही," मी म्हटलं. "ही मादी आहे. हिला अंडी घालायचीयत. त्यासाठी खणायला माती हवीय, ती तुमच्या खोलीत कुठून मिळणार?"

बाई टबाशी वाकल्या. मग टबाच्या कडेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगो बाय माझे. आणि मी तुका मारलंय गो झाडून."

मी तिला कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, सलाइन दिलं आणि दवाखान्यातच ठेवून घेते म्हणून सांगितलं. मावशी तिथून हलायला तयार नव्हत्या. शेवटी स्टुलावर बसल्या आणि त्यांनी घरच्या गोष्टी सांगितल्या. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केली आणि मग वारला. एक मुलगा. तो बाहेर असतो. बाहेर म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. या जनावरासाठी त्या रोज सकाळी गॅलरीत चटई टाकत. त्यांची गॅलरी पूर्वेकडे आहे, तिथे दहापर्यंत ऊन येतं. चाळीतले लोक पहिल्यांदा घाबरायचे, मग पोरं येऊन जास्वंदीची फुलं देऊन जायला लागली. माठाची भाजी, पालक, भोपळ्याची साल, फुलं, यावर ते जनावर वाढलं. हाडं बरी होती. गॅलरीतल्या त्या उन्हानंच तगली होती.

त्या गेल्यावर मी फोटो काढून माझ्या एका वर्गमैत्रिणीला पाठवले. कॉलेजात आम्ही एकत्र होतो, पुढे तिनं सरपटणाऱ्या प्राण्यांचाच अभ्यास केला. तिचा लगेच फोन आला.

"हे कुठे मिळालं तुला?"

"परळला. माझ्या टेबलावर आहे."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही करत गं."

'थांब,' म्हणून तिनं फोटो पुन्हा पाहिले. मग म्हणाली, "ही जमिनीवरची इग्वाना आहे. गालापागोसची. जगात तेवढ्या बेटांवरच असते, दुसरीकडे कुठेच नाही. ती बेटं किनाऱ्यापासून इतकी लांब आहेत की ह्यांची जातच तिथे वेगळी तयार झाली. तिथून एक खडासुद्धा न्यायला बंदी आहे. ही तुझ्याकडे आली कशी?"

"एका मावशींनी टबातून आणली."

"तुला वनखात्याला कळवावं लागेल, माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. मला हेही माहीत होतं की कळवलं नाही तर मला हिच्यावर उघडपणे शस्त्रक्रिया करता येणार नाही, मैत्रिणीची मदत घेता येणार नाही, आणि कळवलं तर ती घोडपदेवला परत जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा आधी मी मैत्रिणीनं सांगितलेलं एक काम त्यांना सांगितलं. ही इग्वाना तिच्या बेटावर फड्या निवडुंग खाते. पानं, फुलं, फळं, काट्यांसकट. आपल्याकडे मिळतो का कुठे? मावशी म्हणाल्या, "निवडुंग? गावात आमच्या परड्याक त्येचीच वई होती, कुंपण." आणि त्या तडक उठून गेल्या. संध्याकाळच्या आत पिशवी भरून आणली. शिवडीच्या किल्ल्याच्या उतारावरून. बोटं काटे टोचून टोचून लाल झाली होती. त्यांनी एक फड टबात टाकला. चार-पाच दिवस तोंड न उघडलेलं ते जनावर सावकाश पुढे आलं, पंजानं तो फड टबाच्या तळाशी घासला, काटे मोडले आणि खायला लागलं.

आम्ही दोघी बघत राहिलो. तिला हे कुणी दाखवलं नव्हतं, शिकवलं नव्हतं. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच निवडुंग पाहिला होता.

"इतकी वर्षं मी तिला पालक घातला," मावशी म्हणाल्या.

मग मी सांगायचं ते सांगितलं. ही कुठली, ही घरात ठेवायला का चालत नाही, मला कुणाला कळवावं लागेल. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पोलिस येतील?"

"वनखात्याचे लोक येतील."

"मी आता हिला घेऊन गेले तर?"

"तर मी तुम्हाला अडवू शकत नाही. पण अंडी पोटात राहिली तर ती मरेल, मावशी. आणि इथे ठेवलीत तर मला कळवावंच लागेल."

त्या टबाकडे बघत होत्या. बाहेर गल्लीत कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची ती कंटाळवाणी शीळ वाजत होती. ती थांबली. मग म्हणाल्या, "राहू दे. जगू दे तिला." आणि पिशवी घडी करून निघून गेल्या.

शेजारच्या गल्लीत एक चाळ पाडून टॉवर उठत होता. तिथल्या मुकादमाकडून मी वाळू आणली, दादरच्या नर्सरीतून लाल माती आणली, दोन्ही कालवून, ओली करून एका आडव्या कापलेल्या पिंपात भरली. वर गरम दिवा लावला. मी लहान असताना लालबागला आमच्या खोलीत मांजर व्यायलं होतं तेव्हा माझी आई गोधडीचा कोपरा करून देत होती, तसंच काहीसं मी करत होते. फक्त यावेळी मला माहीत नव्हतं की हा कोपरा तिला पटेल की नाही.

तिला पटला. एका सकाळी दवाखाना उघडला तर ती पिंपात मागच्या पायांनी माती उडवत होती. सगळा दवाखाना मातीनं भरला. मावशी आल्या, दारातच थांबल्या. ती खणत होती, थांबत होती, आत तोंड घालून बघत होती, पुन्हा खणत होती. पिंपाचा तळ लागला तेव्हा तिनं नखं प्लॅस्टिकवर घासली, घरी फरशीवर यायचा तोच आवाज. मावशींनी डोळे मिटून घेतले. पण ती तिथेच वळली, मागचा भाग खड्ड्यात घेतला आणि अंडी घातली. पांढरी, लांबट, मऊ कवचाची. सगळी नाही. काही आत अडकली. अडकलेली अंडी मैत्रिणीला बोलावून आम्ही दुसऱ्या दिवशी पोट उघडून काढली. भूल उतरायला फार वेळ लागला. आम्ही तिचा पंजा हातात धरून बसलो होतो, मावशी कोपऱ्यात देवाचं काहीतरी पुटपुटत होत्या. मग तिनं जीभ बाहेर काढली, हवा चाखली. मैत्रीण म्हणाली, "आली."

"ह्यातनं पिल्लां येतील?" मावशींनी अंड्यांकडे बोट दाखवून विचारलं.

"नाही मावशी. नर नाही ना."

"नर खंय मिळात?"

"त्या बेटांवर."

मावशींनी मान हलवली. तेवढंच.

वनखात्यातून एक बाई अधिकारी आल्या, माझ्या निम्म्या वयाच्या, बरोबर एक कर्मचारी. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्या फारच समजूतदार होत्या. त्यांनीही आधी जनावर पाहिलं. म्हणाल्या, "मी कॉलेजात ह्यांची फक्त चित्रं पाहिलीयत." मग मावशींचा जबाब घ्यायला बसल्या.

मावशी म्हणाल्या, "मीच आणला. पक्षी विकणारा एक माणूस होता. रस्त्यावर. आता कुठे गेला माहीत नाही."

"किती वर्षांपूर्वी?"

"झाली आठ-नऊ."

"एकट्यांनीच आणला तुम्ही?"

"एकटीनंच. घरात आणखी कोण आहे?"

त्यानंतर अधिकारी बाईंना घर बघायचं होतं. मी पण गेले, मावशींनी सोबत चला म्हणत माझा हात धरला म्हणून. घोडपदेवच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली. गॅलरीत चटई अजून टाकलेली होती. फरशीच्या कडेला कपाटाखाली नखांनी उकरलेली पांढरी रेघ होती, सिमेंट बाहेर आलेलं. भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो आणि त्याच्या शेजारी मुलाचा फोटो. पांढरा शेफसारखा कोट, मागे मोठ्या जहाजाचा पांढरा कठडा, पाठीमागे निळं पाणी. अधिकारी बाई त्या फोटोकडे बघत उभ्या राहिल्या. मावशीही बघत होत्या, पण त्यांच्याकडे. मग अधिकारी बाई म्हणाल्या, "पाणी देता का थोडं?" आणि मावशींनी धावत जाऊन तांब्या आणला.

जनावर माझ्याच ताब्यात राहिलं, निर्णय होईपर्यंत. कुठे ठेवायचं याची त्यांच्याकडेही सोय नव्हती. या जातीची सोय देशात कुणाकडेच असण्याचं कारण नव्हतं. मावशी रोज येत राहिल्या. जास्वंद, निवडुंग, कधी आंब्याची फोड. त्या तिच्याशी मालवणीत बोलत. पूर्वी त्या "आमचो" म्हणायच्या, आता "आमची". पहिले काही दिवस चुकायच्या आणि स्वतःशीच हसायच्या. दवाखान्यात येणारे कुत्र्यांचे मालक खिडकीतून बघायला यायचे. मी दार लावून घ्यायला लागले. ती जिवंत आहे, खाते आहे, पोटाचे टाके सुकले आहेत, एवढंच मला दिसत होतं. पुढचं काही दिसत नव्हतं.

अधिकारी बाईंनी वर कळवलं, वरच्यांनी दिल्लीला, तिथून ती बेटं ज्या देशाची त्या देशाला. कितीतरी दिवस काहीच नाही. मग त्या फोनवर म्हणाल्या, "ते विचारतायत, कुठल्या बेटावरची?"

"म्हणजे?"

"तिथे बरीच बेटं आहेत आणि प्रत्येक बेटावरच्या थोड्या वेगळ्या आहेत. काही बेटांवरच्या संपत आल्यायत. ही कुठली ते कळल्याशिवाय ते काही सांगू शकत नाहीत. एकीकडची दुसरीकडे सोडली तर मिसळ होईल म्हणे."

"रक्तावरून कळेल."

"रक्त तिकडे पाठवायला दोन्हीकडची परवानगी लागते. तीही मागितलीय."

मी मावशींना सांगितलं. त्यांना बेटांचं काही कळलं नाही, पण एवढं कळलं की कुणालातरी काहीतरी माहीत असेल तर आमची घरी जाईल. त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या. आणि दोन दिवसांनी एका परदेशी नंबरावरून मला फोन आला. आवाजात वारा होता.

"डॉक्टर, मी बोलतोय. आईनं नंबर दिला."

"बोला."

"ते मी आणलं होतं. आईनं काय सांगितलंय मला माहीतेय, पण मी आणलं. मी तेव्हा जहाजावर भांडी घासायला होतो. एका बंदरात एक माणूस डब्यात घेऊन आला होता. चार होती, एवढी एवढी. दोन मेलेली होती. मला वाईट वाटलं. मी एक उचललं, मोज्यात घालून आणलं. मला काय माहीत डॉक्टर, ते काय आहे ते."

"बेट कुठलं?"

"बेट नव्हतंच ना ते. ते बंदर दुसऱ्याच देशातलं होतं. तो माणूस पण तिथला नव्हता. त्यानं कुठून आणली कोण विचारतं?"

त्यानं विचारलं, "मी सुट्टीवर आलो तर मला पकडतील?"

"मला माहीत नाही."

"बरोबर आहे. तुम्हाला कसं माहीत असणार."

मी त्याला म्हटलं की हे जे तू मला सांगितलंस ते त्या अधिकारी बाईंना स्वतः कळव. काही उपयोग होईल की नाही मला सांगता येत नाही. पण सांगायचं तर तूच सांग. त्यानं 'बघतो' म्हटलं. मला वाटलं, आता पुन्हा फोन यायचा नाही. पण त्यानं कळवलं. बंदराचं नाव, जहाजाचं नाव, स्वतःचं नाव, सगळं. अधिकारी बाईंनी मला फोन करून सांगितलं. "आता मला फाईलमध्ये त्याचं नाव घालावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि बेट तर अजूनही कळलेलं नाही."

मावशी दुसऱ्या दिवशी आल्या त्या रिकाम्या हातानं. निवडुंग नाही, फुलं नाहीत. माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही त्याला सांगितलंत सांग म्हणून?"

"हो."

"मी माझ्यावर घेतलं होतं ना? मी म्हातारी बाई. माझं काय करणार होते ते? तो तर आता येणार नाही. कशाक सांगितलंत?"

मी म्हटलं, "मला वाटलं, त्यामुळे ती परत जाईल."

"जाईल?"

"नाही बहुतेक."

मावशी टबाशी गेल्या. आता टब नव्हता, मोठा पिंजरा होता, आत माती, दगड, दिवा. ती दगडावर पसरून पडली होती. मावशींनी जाळीवर बोटं ठेवली. ती उठून आली आणि तिनं बोटांना जीभ लावली. मावशी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "हिका काय ठाऊक," आणि गेल्या. त्यानंतर बरेच दिवस त्या आल्या नाहीत. मी स्वतः शिवडीला जाऊन निवडुंग आणला. मला काटे काढता येत नाहीत मावशींसारखे. मी हातमोजे घालून गेले होते तरी टोचले.

शेवटी त्या देशाकडून उत्तर आलं. रक्ताची परवानगी मिळाली नव्हती, पण त्याची गरजही उरली नव्हती. बेट कळलं तरी आम्ही तिला परत घेऊ शकत नाही, असं ते उत्तर होतं. इतकी वर्षं माणसांत, दुसऱ्या देशात, इतर जनावरांच्या दवाखान्यात राहिलेली. तिच्या अंगात कुठला आजार असला आणि तो तिथल्या शेकडोंना लागला तर? ते चुकीचं बोलत नव्हते. मीही त्यांच्या जागी हेच म्हटलं असतं. मी ते वाचून झाल्यावर पिंजऱ्याशी जाऊन बसले. ती झोपली होती. हिच्यासाठी काही करायला कुणी वाईट माणूस आड आलेला नव्हता. सगळे बरोबर होते. तिचं घर जिथे होतं तिथेच होतं, आणि तिला तिथे जाता येत नव्हतं.

दुसऱ्या राज्यात वाचवलेल्या प्राण्यांचं एक मोठं केंद्र आहे, तिथे तिला ठेवायचं ठरलं. तिथे ऊन आहे, जागा आहे, माती आहे. न्यायच्या दिवशी मी मावशींना कळवलं. येतील असं वाटलं नव्हतं. आल्या. पिशवीत निवडुंगाची लाल बोंडं होती, काटे काढून, स्वच्छ धुऊन. केंद्राच्या माणसानं सांगितलं, "मावशी, वाटेत खायला द्यायचं नाही, उलटी होईल." मावशींनी पिशवी त्याच्या हातात दिली. "तिथे पोचल्यावर द्या," म्हणाल्या. लाकडी खोका बंद झाला. भोकांतून तिचा एक पंजा दिसत होता. मावशींनी त्याला हात लावला नाही. गाडी गल्लीतून निघाली आणि साड्यांच्या दुकानासमोर अडकली, कारण तिथे एका लग्नाच्या खरेदीला आलेल्या लोकांनी टेम्पो आडवा लावला होता. बराच वेळ ती गाडी तिथेच उभी होती. आम्ही दोघी दवाखान्याच्या पायरीवर उभ्या होतो आणि गाडी जाता जात नव्हती.

मावशी मग मधूनमधून यायला लागल्या. काम नसताना. चहा घ्यायच्या, बसायच्या. मुलाचा फोन येतो म्हणायच्या. त्याच्यावर पुढे काही झालं नाही, पण फाईल बंदही झाली नाही. अधिकारी बाई बदलून गेल्या होत्या, नव्या माणसाला काही सांगता येत नव्हतं. मुलगा येतो म्हणायचा आणि येत नव्हता. मी कुणाला तरी विचारते म्हणायचे, विचारायचेही, आणि प्रत्येक जण मला सांगायचा की धोका कमी आहे पण नाही असं म्हणता येणार नाही. एवढ्या उत्तरावर कुणाचा मुलगा घरी येणार?

केंद्रातल्या डॉक्टरांना मी दोनदा फोन केला. ती बरी आहे, वजन वाढलंय. दुसऱ्यांदा त्यांनी सांगितलं की तिनं पुन्हा खणलं. चांगलं खोल बीळ केलं, अंडी घातली, अर्थात वांझोटी, आणि मग ती बिळाच्या तोंडाशी बसून राहिली. कुणी जवळ गेलं की तोंड उघडायची. बेटावर त्या तशाच राखण करतात म्हणे, दुसऱ्या मादीनं तीच जागा उकरू नये म्हणून. "इथे दुसरी आहेच कुठे," डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, ही किती वर्षं जगेल? ते म्हणाले, चांगली काळजी घेतली तर अजून तीस, चाळीस. आपल्यापेक्षा जास्त. हे मी मावशींना सांगितलं नाही. फक्त वजन वाढलंय एवढं सांगितलं.

गेल्या वर्षी मावशींनी खोली सोडली. चाळीचं काम निघणार होतं, जिने चढवत नव्हते आणि मुलगा नव्हता. गावाला दिराच्या घरी जायचं ठरवलं. परळहून कोकणात जाणाऱ्या खासगी गाड्या सुटतात तिथे मी त्यांना सोडायला गेले. सामान दिराच्या मुलानं चढवलं होतं. त्या खिडकीशी बसल्या आणि मला खाली उभी पाहून खिडकी उघडायला लागल्या. ती उघडेना. मी बाहेरून ढकलली तेव्हा हातभर फट झाली.

"बाय," त्या म्हणाल्या. मला त्यांनी पहिल्यांदाच अगं-तुगं केलं. "एक विचारतंय. खरां सांग."

"विचारा ना."

"तिका आता माझी सवय सुटली असात ना?"

पुढे दुसरी बस उभी होती आणि आमच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मला सरपटणाऱ्या प्राण्यांचं जेवढं माहीत आहे तेवढं मी डोक्यात शोधलं. त्यांना माणूस ओळखता येतो. वासानं, आवाजानं, हाताच्या हालचालीनं. ओळख म्हणजे लळा का, आणि लळा असला तर तो किती टिकतो, हे माझ्या मैत्रिणीलाही सांगता आलं नसतं. सुटली म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं की वाईट, तेही मला कळलं नाही.

"मला माहीत नाही, मावशी," मी म्हटलं.

"तुका खरंच ठाऊक नाय?"

"खरंच नाही."

त्यांनी मान डोलावली आणि खिडकीच्या फटीतून हात बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला. बोटांवर काट्यांचे जुने बारीक काळे ठिपके होते. बस हलली तेव्हा त्यांनी हात आत घेतला, आणि फट तशीच उघडी राहिली, ती काही त्यांना लावता येईना.